तुम्ही विचारलंत म्हणून: सिस्टर आणि एमएसडब्ल्यू (समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गातली मुलं) एकाच वर्गात कशाला?

'नर्सिंगच्या मुलींना ड्रेसिंग, कॅथेटर शिकवा, एमएसडब्ल्यूच्या मुलांना योजना आणि समुपदेशन शिकवा. म्हाताऱ्या माणसांच्या सेवेसाठी दोघांना एकत्र बसवून जास्तीचं काय मिळतं?' नर्सिंग कॉलेजवाले हे विचारतात, समाजकार्य महाविद्यालयवाले विचारतात, आणि घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असलेले लोकही विचारतात. याचं उत्तर औषधांच्या पिशवीत सापडतं, म्हणून तिथूनच सुरू करू.

गृहभेटीला दोघांची जोडी जाते. घरातल्यांना विचारून औषधांची पिशवी वर्तमानपत्रावर रिकामी करायची. बाहेर काय येतं? कात्रीने कापलेल्या पाच-पाच गोळ्यांच्या पट्ट्या, ज्यांचं नाव आणि मुदत दुकानातल्या उरलेल्या तुकड्यावर राहिलेली असते. बीपीचं एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी, कारण दोन डॉक्टरांनी लिहिलंय. शिवाय शेजारणीने 'मला गुण आला' म्हणून दिलेली गुडघ्याची गोळी. सिस्टरने गोळ्या मोजायच्या. एक तारखेला 30 आणल्या आणि रोज एक असेल, तर 20 तारखेची गोळी घेतल्यावर 10 उरायला हव्यात. 20 उरल्या असतील तर आजी बहुधा एक दिवसाआड घेताहेत.

नर्सिंगच्या वहीत इथे 'औषधं नियमित घेत नाही' एवढी नोंद होते आणि आजींना समज दिली जाते. खरं काम पुढे आहे. जास्त लघवी होण्याची गोळी वगळली जात असेल, तर संडास कुठे आहे ते आधी बघा. चाळीत मजल्याच्या टोकाला असेल, रात्री दिवा नसेल, तर गोळी चुकवणं हा आजींनी काढलेला शहाणपणाचा मार्ग असतो, फक्त त्याने पाय सुजतात. हे एमएसडब्ल्यूच्या लक्षात येतं, पण ही सूज हृदयाची की नुसतं पाय लोंबकळत बसल्याची, हे डॉक्टरकडे नेण्याइतपत ओळखणं त्याच्या आवाक्याबाहेरचं. दोघं मिळून डॉक्टरांना विचारतात, ही गोळी सकाळी देता येईल का, आणि खाटेजवळ कमोडची खुर्ची लावून घेतात. स्वतःच्या अधिकारात डोस कुणीच बदलायचा नाही.

म्हणून अशा एकत्र वर्गासाठी आमचा आग्रह असा की गटात 20 पेक्षा जास्त जण नकोत, निम्मे इकडचे, निम्मे तिकडचे, आणि जोड्या शेवटपर्यंत त्याच. तीन-तीन तासांची आठ सत्रं आणि एकाच घरी चार भेटी, एवढ्यात पाया पक्का होतो. गाडी अडते ती वेळापत्रकावर. एमएसडब्ल्यूचं फिल्डवर्क आठवड्यातले ठरलेले दिवस, नर्सिंगची पोस्टिंग शिफ्टप्रमाणे. नाइट करून आलेल्या मुलीला सकाळी वर्गात बसवलंत तर ती झोपणारच, तिचा दोष नाही. आणि गुण एकाच बाजूला मिळणार असतील तर तिसऱ्या आठवड्यापासून दुसरी बाजू गळते. हजेरीपट एकच ठेवा, गुण दोन्हीकडे धरा.

पहिल्या तासाला हाक मारण्याच्या शब्दांचा घोळ निस्तरायचा. एकीकडे 'पेशंट', दुसरीकडे 'क्लायंट', आणि वॉर्डात तर नुसतं '14 नंबर'. आमचा नियम: हाक कशी मारायची ते माणसालाच विचारायचं. सगळ्यांना 'आजी' आवडत नाही. निवृत्त मुख्याध्यापिकेला 'बाई'च हवं असतं.

मग कामांची अदलाबदल. उभं राहिल्यावर बीपी पडतो का, हे एमएसडब्ल्यूने मोजून बघायचं: पाच मिनिटं निजवून एकदा, उभं केल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर पडण्याचा धोका. ही मुलं हमखास चुकतात ती त्या पाच मिनिटांत. गप्प बसवत नाही, विचारपूस सुरू करतात, आणि बोलता बोलता बीपी चढतो. चालण्याची चाचणीही शिकवायची: खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन, वळून परत बसायला 12 सेकंद किंवा जास्त लागले तर सावध व्हायचं. दहा बाय बाराच्या खोलीत खाट, कपाट धरून तीन मीटर सलग मिळत नाहीत, तेव्हा गॅलरीत घ्या.

सिस्टरने शिकायचं ते पैशाचं विचारणं. 'परिस्थिती कशी आहे?' असं विचारलं तर उत्तर 'बरी आहे' असंच येणार. 'मागच्या महिन्याची औषधं कुणी आणली, पासबुक कुणाकडे असतं?' असं विचारायचं. गरीब ज्येष्ठांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे दरमहा 1500 रुपये आजींच्या हाती पडतात की परस्पर खर्च होतात, ते इथे कळतं.

आता जोडीचा सगळ्यात मोठा उपयोग. दंडावर बोटांच्या आकाराचे वळ दिसले आणि सून दारातच उभी. अशा वेळी सिस्टरने सुनेला कूस बदलायचं गादीवर दाखवायला बाहेरच्या खोलीत न्यावं (दर दोन तासांनी, पाठीला उशी लावून 30 अंशांचा कल), तेवढ्यात दुसऱ्याने आजींशी एकट्याने बोलावं. एकट्या माणसाला हे जमत नाही. वळ बघून लगेच आरोप करू नये, रक्त पातळ करायच्या गोळीनेही त्वचा काळीनिळी होते. ते सिस्टरला ठाऊक असतं. ऐकलेलं खाटेला लटकवलेल्या केसपेपरवर लिहायचं नाही, कारण ते घरचे वाचतात. ही चूक आम्ही हरेक तुकडीत पाहिली आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात मुलांकडून निर्वाहखर्च मिळण्यासाठी अर्ज करता येतो, त्या कायद्यात महिन्याला कमाल 10,000 रुपयांची मर्यादा आहे, पण आजींची इच्छा नसताना अर्ज भरायला घेऊ नका. 14567 हा एल्डरलाइनचा, म्हणजे ज्येष्ठांच्या मदतवाहिनीचा नंबर मात्र चिठ्ठीवर लिहून द्या.

अचानक भलतंच बोलणं हा विषय दोघांनाही तितकाच. काल नीट बोलणारे आजोबा आज मुलाला ओळखत नाहीत, म्हणजे 'वय झालं' असं नसतं. लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, रक्तातलं सोडियम उतरणं, नवी झोपेची गोळी, असं काहीतरी बहुधा असतं. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार... एरवी जमणारं आज मध्येच सुटत असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

डिस्चार्जची तयारी भरतीच्या दुसऱ्या दिवशीच सुरू करायची असते, हे पटवणं सगळ्यात अवघड. वॉर्डात राउंडला अकरा वाजता 'घरी सोडा' म्हणतात, आणि समाजसेवा अधीक्षकांना, म्हणजे रुग्णालयातल्या समाजकार्यवाल्यांना, बोलावणं जातं ते पेशंटला बिलात सवलत हवी असेल तेव्हाच. खुब्याच्या ऑपरेशननंतर आजींना दुपारी घरी उठवणार कोण, हे तोवर कुणी विचारलेलं नसतं. म्हणून सरावाच्या दहा मिनिटांच्या बैठकीत पहिला प्रश्न कायम तोच: सकाळी दहा ते संध्याकाळी सहा घरात कोण असतं? मग संडास, मग पैसे, औषधं शेवटी. सगळं एका कागदावर, खाली दोघांच्या सह्या, आणि पुढची भेट कुणाची, कोणत्या तारखेला. तारीख नसलेला कागद आम्ही परत करतो.