नो ग्रोथ

ब्लड कल्चरची, म्हणजे पेशंटच्या रक्तातले जंतू वाढवून शोधायची बाटली पाच दिवस आमच्या लॅबच्या मशिनमध्ये डुलून बाहेर आली, रिपोर्ट 'नो ग्रोथ', काही उगवलं नाही. आणि लगेच वॉर्डातल्या डॉक्टरचा फोन, "मॅडम, म्हणजे इन्फेक्शन नाहीच ना?" एवढ्याशा प्रश्नाने दिवसभर डोकं का फिरावं?

बाटलीत रक्त होतं जेमतेम ३ मिली. मोठ्या माणसाला दर बाटलीत ८ ते १० मिली लागतं, तेही दोन वेगळ्या शिरांमधून दोन सेट (सेट म्हणजे बाटल्यांची जोडी). कारण सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनून जिवावर बेतलेलं असतानासुद्धा मिलीमागे कित्येकदा एखादाच जंतू असतो, कधी तोही नाही. शिवाय अँटिबायोटिकचा पहिला डोस आधीच गेलेला. क्यू फीव्हर या तापाचा जंतू कॉक्सिएला तर या बाटलीत कितीही रक्त घातलं तरी वाढायचा नाही. मग 'नाही' कशाच्या जोरावर म्हणायचं?

उलटी तऱ्हाही आहेच. कातडी निर्जंतुक करायला क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोल लावून ते वाळू न देता सुई टोचायची, किंवा वाळल्यावर पुन्हा त्याच बोटाने शीर चाचपायची. मग एकाच बाटलीत स्टॅफ एपिडर्मिडिस उगवतो आणि कातडीवरच्या या पाहुण्यासाठी पेशंटला व्हँकोमायसिन हे भारी अँटिबायोटिक सुरू होतं. ते बंद करायला लावणं हे आमचं कर्तृत्व. सर्जनला पेढे मिळतात, आम्हाला "पण मॅडम, ताप आला तर?" असो.

खरं खुपतं ते वेगळंच. संशोधनात कोण मोजला जातो? ज्याच्या कल्चरमध्ये जंतू उगवला तो. 'नो ग्रोथ'वाले तक्त्याबाहेर. त्यात कल्चर पाठवायची आठवण होते पहिलं औषध लागू पडलं नाही की. तोवर साध्या औषधाला दबणारे जंतू केव्हाच मेलेले असतात. उरलेल्यांवरून रेझिस्टन्सचे, म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंचे टक्के निघतात, ते फुगलेले दिसतात आणि त्या आकड्यांकडे बोट दाखवून पुढच्या पेशंटला थेट मेरोपेनेम, राखून ठेवायचं जोरदार अँटिबायोटिक. हे आकडे मीही स्लाइडवर लावते, खाली बारीक अक्षरात तळटीप देऊन. तळटीप कोण वाचतं म्हणा.

फोनवर एवढंच म्हटलं, "नाही असं नाही, सापडलं नाही." पलीकडे शांतता, बहुतेक त्याने 'निगेटिव्ह' लिहून घेतलं.

बाटलीतल्या व्हॅक्यूममुळे रक्त आपोआप ओढलं जातं. लक्ष नसेल तर कधी ३ वर थांबतं, कधी १५ पर्यंत जातं. म्हणून वॉर्डात जाणाऱ्या बाटल्यांवर द्रवाच्या पातळीपासून १० मिली वर पेनाने रेघ मारायला बसले. फॉर्मवर 'अँटिबायोटिक किती वाजता दिलं' हा रकाना आहेच. तो भरून येईल अशी आशा मी सोडून दिली आहे. रेघेवर मात्र अजून थोडा भरवसा आहे.