शाळा सोडण्याचे कारण

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी दहा वाजता मी थोरल्याच्या शाळेच्या ऑफिसात पंख्याखालची खुर्ची पकडून बसले होते. पस्तिसावा आठवडा चालू होता. ‘थोरला’ हे नाव त्याला गेल्या दोन-तीन महिन्यांतच चिकटलंय. धाकटं अजून जगात यायचंय, पण याने आपलं पद आधीच घेऊन टाकलंय. वय सात, पहिली पास, आणि जूनपासून घरीच शिकणार.

शाळेच्या तक्रारींचा पाढा मला वाचायचा नाही. वर्गात पन्नासच्या घरात मुलं, बसमध्ये जाऊन-येऊन दीड तास, आणि जानेवारीपासून रोज सकाळी दुखणारं पोट. रविवारी न दुखणारं पोट. वर्षभर मी आणि नवऱ्याने यावर रात्री-रात्री बोलून झालं होतं. उरला होता तो दाखला.

क्लार्कभाऊंनी अर्ज वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. “पुढची शाळा कुठली?”

“घरी शिकवणार आहोत.”

“हो, पण शाळा कुठली?”

असं तीनदा झालं. मग त्यांची नजर माझ्या पोटावर गेली आणि चेहरा उजळला. “बाळंतपणाला माहेरी चाललाय होय? मग स्थलांतर लिहितो की!” मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. माझं माहेर कोरेगावला, पण बाळंतपण पुण्यातच करायचं ठरलंय. शेवटी ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘पालकांच्या विनंतीवरून’. आणि दाखला हातात देताना, वाईट बातमी सांगावी तसं हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, यू-डायसला, म्हणजे सरकारच्या विद्यार्थी-नोंदीच्या पोर्टलवर, तो आता ड्रॉपबॉक्समध्ये जाईल. दुसऱ्या शाळेनं ओढला की मगच बाहेर निघेल.”

दुसऱ्या शाळेने ओढेपर्यंत माझा मुलगा एका डब्यात बसून राहणार, हे चित्र रिक्षात घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

घराखाली टेम्पो उभा. टेम्पोत गव्हाची दोन पोती, आणि पोत्यांशेजारी माझे आई-बाबा. ते पुढच्या शनिवारी येणार होते. पण शेजाऱ्यांचा टेम्पो पुण्याला रिकामा येत होता, म्हणून वर्षाचा गहू घेऊन ते आठवडाभर आधीच हजर. सोबत डिंक, खारीक, हळीव, बाळंतशेपा, जुन्या सुती साड्यांचं गाठोडं, आणि बाबांच्या पिशवीत काहीतरी लोखंडी खणखणत होतं. लिफ्ट नेमकी बंद. नवरा आणि टेम्पोवाला पन्नास-पन्नास किलोची पोती तिसऱ्या मजल्यावर चढवत असताना सासूबाई दारात उभ्या राहून विचारत होत्या, “आणलास का दाखला?”

आता सासूबाईंचं सांगायला हवं, कारण या सगळ्या प्रकरणात खरी अडचण कागदांची नव्हती.

त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिक्षिका होत्या. दर वर्षी पटनोंदणीला उन्हात दारोदार फिरायचं, वीटभट्टीवर जायचं, ऊसतोडीच्या पालांवर जायचं, ‘पोराला पाठवा हो शाळेत’ म्हणून हात जोडायचे, हे त्यांनी केलंय. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाच्या याद्या त्यांच्या हस्ताक्षरात असायच्या. आणि आता त्यांचा सख्खा नातू, धडधाकट, दोन पगारांच्या घरातला, त्याच यादीत जाणार. आमच्यात भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. त्या फक्त जेवताना एवढंच म्हणाल्या, “मी ज्यांना बाहेर ओढून आणलं, त्यांच्या आयांना आता काय तोंड दाखवू?”

माझ्याकडे उत्तरं तयार होती. सगळी पाठ केलेली. २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. त्याच्या कलम १०मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, पण पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. कलम ४प्रमाणे मध्येच शाळेत यायचं ठरवलं तर वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे परतीचं दार उघडं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या अ, ब, क पातळ्या म्हणजे तिसरी, पाचवी, आठवी. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातून दहा वर्षं पूर्ण झाली की पाचवीला बसता येतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट. यातलं एकही वाक्य मी त्या दुपारी बोलले नाही. कायदा त्यांनी माझ्याआधी वाचला होता. प्रशिक्षणात बसून, २०१०मध्ये तो लागू झाला तेव्हाच. आणि त्यांना कायद्याची शंका नव्हतीच. वीटभट्टीवरच्या आईला ‘घरी शिकवीन’ म्हणायची सोय नसते आणि मला आहे, एवढंच त्यांना खुपत होतं. ते मलाही खुपतं. त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

जेवण झाल्यावर मी आडवी झाले आणि लक्षात आलं, सकाळपासून बाळ हललेलं आठवतच नाही.

डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, जेवणानंतर डाव्या कुशीवर पडायचं आणि हालचाली मोजायच्या. दोन तासांत दहा झाल्या पाहिजेत, नाही झाल्या तर फोन करायचा, वाट बघत बसायचं नाही. मी घड्याळ पाहिलं, दोन वाजून दहा मिनिटं. थोरला शेजारी येऊन पडला. त्याला काय चाललंय ते सांगितलं तर म्हणाला, “मी लिहितो.” तासाभरात चार. तुम्हाला सांगते, त्या एका तासात दाखला, ड्रॉपबॉक्स, कलम चार, सगळं कुठल्या कुठे गेलं. मी छताकडे बघत होते आणि माझ्या लेकाची पेन्सिल कागदावर टेकलेली, पुढच्या रेघेची वाट बघत. आईने न विचारता गार सरबत आणून दिलं. मग तीन वाजून वीस मिनिटांनी एक जोरात लाथ, लगेच दुसरी, आणि पुढे रांगच लागली. दहावी रेघ पावणेचारच्या आत. थोरल्याने पाच-पाचची दोन गाठोडी बांधली, पाचवी रेघ आडवी मारून, आणि झोपला. मी पण.

संध्याकाळचं फारसं सांगण्यासारखं नाही. दोन्ही आयांनी मिळून बाळाच्या कपड्यांवर एकमत केलं, ही बातमीच. बाळ यायच्या आधी नवं काही विकत आणायचं नाही, यावर सासर-माहेर एक. म्हणून नणंदेच्या मुलाची झबली-टोपडी उकळत्या पाण्यातून काढली आणि आईने आणलेल्या साड्यांची दुपटी फाडायला घेतली. जुन्या सुती साडीचा तो चर्रर्र आवाज मला फार आवडतो.

रविवारी उन्हं चढायच्या आत गहू गच्चीवर. बाबांनी ती खणखणणारी पिशवी उघडली: पायली, शेर, मापटं, चिपटं. एकात एक बसणारी, कडा झिजलेली. मेट्रिक मापं देशात १९५८पासून यायला लागली, पण आमच्या खळ्यावरून पायली काही हलली नाही. “पन्नासचं पोतं आहे बाबा, मोजायचं काय त्यात?” नवरा म्हणाला. बाबांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. न मोजता धान्य कोठीत जात नाही.

पायली भरली, हाताने वरचं सपाट केलं, कोठीत ओतली आणि बाबा म्हणाले, “लाभ.” दुसरी ओतली, “दोन.”

“एक कुठे गेला?” थोरल्याने विचारलं.

“धान्याला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणायचं.”

हे त्याला इतकं आवडलं की दिवसभर त्याने जिने, चपात्या, सगळं ‘लाभ, दोन, तीन’ असं मोजलं. मग बाबांनी त्याला एक काम लावून दिलं. पायली भरायची, पण चिपट्याने. तो ओतत गेला, सांडत गेला. दोन चिपट्यांचं मापटं भरलं. दोन मापट्यांचा शेर. चार शेर, पायली काठोकाठ. “सोळा चिपटी!” तो ओरडला, आणि मग स्वतःच गप्प होऊन बोटांवर काहीतरी करत बसला. बाबा म्हणाले, चिपट्याच्या निम्मं ते कोळवं, आणि कोळव्याच्या निम्मं निळवं, ती मापं आता घरात नाहीत. झालं. याने स्वयंपाकघरातल्या सगळ्या वाट्या गच्चीवर आणल्या. आमटीची लहान वाटी कोळव्याला जवळजवळ बरोबर उतरली. निळव्याला औषधाच्या बाटलीचं झाकण पुरेना आणि चहाचा कप जास्त होई, यात अर्धा तास गेला. शेवटी शेर माझ्या काट्यावर ठेवला, तर गहू ८८० ग्रॅम भरला. “म्हणजे शेर किलोहून लबाड आहे,” थोरला म्हणाला. शेर मापाचा असतो, वजनाचा नव्हे, तांदूळ भरला तर आकडा बदलेल, हे बाबांनी सांगितलं. मग तांदूळही आला.

मी या सगळ्यापासून लांब, जिन्याच्या सावलीत. गव्हाला एरंडेल चोळायचं होतं आणि नववा लागत आलेला असताना मी एरंडेलाला हात लावायचा नाही, हा आईचा हुकूम. वासही नको वाटत होता, म्हणून वाद घातला नाही. मांडीवर दवाखान्याच्या बॅगेची यादी होती: फाइल, आधार, रक्तगटाचा रिपोर्ट, गाऊन, दुपटी, फोनचा चार्जर. आणि यादीखाली माझं वेळापत्रक, जे मी एप्रिलभर एक्सेलमध्ये रंगवलं होतं. नऊ ते पावणेदहा गणित, हिरवं. पावणेदहा ते साडेदहा मराठी, केशरी. तारीख जूनच्या मध्याची आहे, म्हणजे जगातल्या बाकी शाळा उघडतील तेव्हाच मी दर दोन तासांनी दूध पाजत बसलेली असणार. मी अकाउंट्समध्ये नऊ वर्षं काढलीत, तरी हे मला एप्रिलभर दिसलं नव्हतं. सगळ्या चौकोनांत शिकवणारी मीच होते.

सासूबाई शेजारी येऊन बसल्या. कागद हातात घेतला, चष्मा वर केला. शिक्षिकेने दुसऱ्या शिक्षिकेची टाचणवही तपासावी तसा वाचला.

“पहिले तीन महिने यातलं काही होणार नाही,” म्हणाल्या.

“माहितीय.”

“मराठी मी घेईन. रोज एक तास. पण हजेरीपत्रक ठेवीन. आणि तो तिसरीच्या वयाला पोचला की परीक्षा. त्यात कच्चा निघाला तर शाळा, आणि तेव्हा तू मला अडवायचं नाहीस.”

मी हो म्हटलं. नवऱ्याच्या नावावर रात्रीचं गणित टाकलं, पेन्सिलने. त्याचा पूर्वानुभव पाहता पेन्सिलच बरी. बाबा दर महिन्याला आठ दिवस येतो म्हणाले, तेही लिहिलं, कारण थोरला तोवर शेरावर बसून त्यांना विचारत होता की खंडी म्हणजे किती निळवी. हिरवे-केशरी चौकोन खोडले आणि त्याजागी माणसांची नावं घातली. माझ्या नावापुढे जून, जुलै, ऑगस्ट कोरे राहिले. ते तसे बघायला जड गेलं, खरं सांगते.

दुपारपर्यंत कोठी भरली. अठ्ठावीस पायल्या आणि वर एक शेर. बाबांनी हिशेबाचा कागद माझ्याकडे दिला, “नीट ठेव, पुढच्या वर्षी कामाला येतो.” मी उलगडला. निळ्या पेनने अठ्ठावीस रेघा, पाच-पाचच्या गाठोड्यांत, आणि त्यांच्या वर पेन्सिलीच्या आधीच्या दहा.

“हा कुठून घेतलात बाबा?”

“पलंगावर होता. पोरानं रेघा मारलेल्याच होत्या, म्हटलं मोजणीचाच कागद असेल.”

मी तो उलटा केला. शाळेचा शिक्का, जन्मतारीख, आणि खालून तिसऱ्या ओळीत, ‘पालकांच्या विनंतीवरून’. दाखल्याची दुसरी प्रत काढायची तर प्रतिज्ञापत्र लागतं, पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसावं लागतं. नवरा म्हणाला, पुढची बाजू तर स्वच्छ आहे ना. सासूबाईंनी कागद उजेडात धरून दोन्ही बाजू पाहिल्या, पेन्सिलीच्या रेघा मोजल्या, आणि खोडरबर शोधायला उठलेल्या थोरल्याला म्हणाल्या, “राहू दे ते.”

दाखला आता फायलीत आहे, रक्तगटाच्या रिपोर्टच्या मागे.