सोलापूर ते टोकियो: तिकिटावरचे तास आणि खरे तास

मुलगा टोकियोत असतो. सून बाळंत झाली, तसं आम्ही दोघांनी जायचं ठरवलं. तिकीट हातात आलं. मुंबईहून रात्री 8 ला निघायचं, टोकियोजवळच्या नारिता विमानतळावर सकाळी 7:30 ला उतरायचं. साडेअकरा तासांचा प्रवास, असं मी सगळ्यांना सांगून मोकळा झालो.

पण हिला दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावं लागतं. डॉक्टर म्हणाले, "काका, घड्याळातली वेळ नको. दोन डोसमध्ये खरे किती तास जातात ते लिहून आणा, मग मी वेळा ठरवून देतो."

वही घेऊन बसलो. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. नारिताचे सकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडे पहाटेचे चार. विमानात काढायचे तास आठच! मुंबई ते नारिता हवाई अंतर साधारण 6,780 किलोमीटर. मग परतीचं मांडलं. तिथून सकाळी 11 ला निघून मुंबईत संध्याकाळी 5:15. दिसायला सव्वासहा तास, त्यात साडेतीन मिळवले की पावणेदहा. अंतर तेच, मग पावणेदोन तास जास्तीचे कुठून आले? एजंटाची चूक असणार म्हणून मी चपला घालून निघालोच होतो. तेवढ्यात मुलाचा फोन आला. "बाबा, वारा. जाताना पाठीशी, येताना तोंडावर."

विमान उडतं त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग कधीकधी ताशी 300 किलोमीटरच्याही पुढे जातो. वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञानं 1920 च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता. हे वाचल्यावर मनातली शंका गेली.

आम्हा सोलापूरकरांचा प्रवास मात्र घराच्या उंबऱ्यापासून मोजावा लागतो. रात्री दहाला निघून सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली. स्टेशनला जाताना डॉ. कोटणीस आठवले. आमच्या गावचा हा डॉक्टर 1938 मध्ये बोटीनं चीनला गेला होता. सकाळी मुंबई, दिवसभर दादरला नातेवाइकांकडे, मग विमानतळ. नारिताहून टोकियो आणखी साठेक किलोमीटर. सोलापूरचं दार ओढल्यापासून मुलाच्या दारापर्यंत साडेबत्तीस तास लागले. ते सगळे वहीत तासातासानं मांडून डॉक्टरांना आधीच दाखवले होते.

इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवलं. सामानाच्या डब्यात ते गोठू शकतं, म्हणून मोठ्या बॅगेत फक्त कपडे आणि शेंगाची चटणी. माझं घड्याळ मी मुद्दाम आपल्याच वेळेवर ठेवलं.

नातवाला मांडीवर घेऊन ही बसली होती. भिंतीवर साडेअकरा, माझ्या मनगटावर आठ. "अहो, वेळ झाली ना?" तिनंच विचारलं. मी बाळाला घेतलं आणि पिशवी तिच्याकडे सरकवली.