विंगेतला सर्जियस

नववीत असताना स्नेहसंमेलनात आम्ही बर्नार्ड शॉ यांच्या ‘आर्म्स अँड द मॅन’चे पहिले दोन अंक इंग्रजीच्या सरांनी केलेल्या मराठी रूपांतरातून सादर केले. उंची आणि मिशी शोभेल असा चेहरा, एवढ्या भांडवलावर मला मेजर सर्जियस मिळाला. १८८५ च्या सर्बिया-बल्गेरिया युद्धात घोडदळ घेऊन शत्रूच्या तोफखान्यावर तुटून पडलेला हा वीर पहिल्या अंकात रंगमंचावर येतच नाही, हे मला तालमीत कळले.

प्रयोगाच्या रात्री कंबरेला पुठ्ठ्याची तलवार बांधून मी विंगेत उभा होतो. सर्जियसची वाग्दत्त वधू रायना माझ्या तसबिरीची पूजा करीत होती तोवर ठीक चालले होते. मग खिडकीतून आत शिरलेला, काडतुसांऐवजी चॉकलेट बाळगणारा स्विस सैनिक तिला माझाच पराक्रम सांगू लागला. खिडकीच्या काचेवर मूठभर वाटाणे फेकावेत तसा तो हल्ला, पुढचा स्वार जिवाच्या आकांताने लगाम खेचतो कारण घोडाच त्याला पळवत असतो, आणि हे सारे वाचले ते सर्बियन तोपचींना चुकीची काडतुसे मिळाली म्हणून! प्रेक्षक खो खो हसत होते. दुसऱ्या अंकात मी उतरल्या चेहऱ्याने प्रवेश केला. सरांनी तो अभिनय समजून पाठ थोपटली. खरे तर सर्जियस भित्रा नाहीच. रशियन सेनापती लढाई शास्त्रशुद्ध रीतीने हरत असताना आपण ती चुकीच्या रीतीने जिंकली, म्हणून बढती नाही, हे त्याचे दुखणे मला फार पुढे उमगले.

१८९४ मध्ये हे नाटक लंडनमध्ये आले तेव्हा सैनिकांची टिंगल केल्याचा आरोप झाला, आणि शॉ यांनी त्याच वर्षी लेख लिहून प्रत्यक्ष लढलेल्यांच्या अनुभवांचे दाखले दिले. आम्हाला असा दाखला दुसऱ्या रांगेतच बसलेला होता. आमचे आबा निवृत्त सुभेदार. चॉकलेटवर सारे सभागृह हसले तेव्हा ते गप्प होते आणि काडतुसांच्या वाक्याला मात्र एकटेच मोठ्याने हसले, हे मला विंगेतूनही ओळखू आले होते. परतताना एसटीत मी त्यांना कारण विचारले.

“खिशात खायला ठेवणार नाही तर काय करील बिचारा?” ते म्हणाले. “पण ती चुकीची काडतुसं ज्यानं पाठवली, त्याचं पुढं काय झालं ते काही दाखवलं नाहीत तुम्ही.”