सापा: आधी रविवार ठरवा, मग तिकीट काढा

उत्तर व्हिएतनाममधल्या सापाचा बेत आखताना बहुतेक जण विमान, हॉटेल आणि केबल कार आधी ठरवतात आणि डोंगरातले आठवडी बाजार उरल्या वेळात कोंबायला बघतात. ते बसत नाहीत. बाक हा गावचा मोठा बाजार रविवारी भरतो, कान काऊचा शनिवारी, कोक लीचा मंगळवारी. म्हणून आखणी शेवटाकडून करावी. रविवारी दुपारपर्यंत बाक हा, शनिवारी सकाळी कान काऊ, शुक्रवारी संध्याकाळी बाक हा गावी मुक्काम आणि त्याआधीचे दोन-तीन दिवस सापाखालच्या मुओंग होआ खोऱ्यात पायी.

हनोईहून सापा साधारण ३२० किमी. २०१४ मध्ये लाओ काय शहरापर्यंतचा एक्स्प्रेसवे झाल्यापासून बसला साडेपाच-सहा तास पुरतात. हा रस्ता नोई बाय विमानतळाजवळूनच निघतो आणि बऱ्याच बस तिथे प्रवासी घेतात, त्यामुळे मुंबईहून थेट विमानाने येणाऱ्याला हनोई शहरात शिरायची गरज नाही. ई-व्हिसा मात्र निघण्याआधीच काढलेला हवा. त्याचा छापील कागद जवळ ठेवा आणि त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते अर्ज भरतानाच बघा.

रात्रीची रेल्वे सापापर्यंत जात नाही. ती पहाटे सहाच्या सुमारास लाओ कायला सोडते आणि पुढे घाटाचा तासभर रस्ता उरतो. स्टेशनबाहेरच्या व्हॅन भरल्याशिवाय हलत नाहीत. भाडं आधी ठरवा, पैसे सापात उतरल्यावर द्या. स्लीपर बसमध्ये चढतानाच बूट काढून पिशवीत ठेवावे लागतात, आणि उंच माणसाला त्या बर्थवर पाय सरळ करता येत नाहीत. शिवाय रात्रीची बस भल्या पहाटे पोचते, खोली दुपारी मिळते आणि मधले थंडीतले तास कुठे काढायचे हा प्रश्न पडतो. सकाळची बस बरी.

पैशाबाबत एक खबरदारी. लाख डोंग (व्हिएतनामी चलन) म्हणजे ढोबळमानाने साडेतीनशे रुपये. वीस हजार आणि पाच लाखांच्या नोटा दोन्ही निळसर आहेत आणि अंधुक उजेडात हमखास गल्लत होते. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. खोऱ्यातल्या गावांत एटीएमच्या भरवशावर राहू नका. सापात पैसे काढून दहा, वीस आणि पन्नास हजारांचे सुटे करून घ्या.

कधी जावं? इथे भाताचं पीक वर्षाला एकच. मे ते जूनच्या सुरुवातीला खाचरं पाण्याने भरलेली असतात, जूनमध्ये लावणी होते, जुलै-ऑगस्टमध्ये सगळं हिरवंगार पण पाऊस जोरात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत शेतं पिवळी होतात. ऑक्टोबरच्या सुट्टीत सोनेरी खाचरांचा फोटो मिळेल या आशेने येणाऱ्यांना कापणी झालेली खुंटं दिसतात. हवा मात्र तेव्हा उत्तम असते. सप्टेंबरलाही हमी नाही. २०२४ मध्ये यागी वादळाने याच प्रांतात दरडी कोसळून गावं गाडली गेली. सलग दोन दिवस मुसळधार पाऊस असेल तर खोऱ्यात उतरू नका, पैसे बुडाले तरी. डिसेंबर ते फेब्रुवारी दाट धुकं आणि बोचरी थंडी, पारा कधी शून्याजवळही जातो. टेटच्या म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या आठवड्यात दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या.

सापा गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटरवर आहे. फ्रेंचांनी थंड हवेचं ठिकाण म्हणून ते वाढवलं. आज तिथे हॉटेलं आणि बांधकामं यांचीच दाटी आहे. दगडी चर्च, तळं आणि गरज पडल्यास स्वेटर खरेदी, एवढ्यासाठी एक संध्याकाळ पुरे. ३ किमीवरचं काट काट हे तिकीट लावलेलं, भाड्याच्या पोशाखात फोटो काढायचं गाव झालं आहे. वेळ कमी असेल तर बिनधास्त वगळा.

खरं चालणं सापा ते यी लिन्ह हो, लाओ चाय आणि ता वान. साधारण १२ किमी, निवांत गतीने चार-पाच तास. वाट बहुतेक उताराची. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना दम लागणार नाही. त्रास देतो तो चिखल. इथली माती चिकण, बूटाच्या तळाच्या खाचा दहा पावलांत भरतात आणि मग चांगल्यातला चांगला ट्रेकिंग बूटही सपाट तळव्याचा होऊन घसरतो. पावसाळ्यात सापात भाड्याने मिळणारे गमबूट घ्या, आत जाड मोजे घाला आणि नखं कापून निघा, कारण उतारावर अंगठे पुढे आदळतात. खाचरांच्या बांधावरून चालताना पाय आतल्या अंगाला टाका. कडेचा भाग पाण्याने पोकळ झालेला असतो, तो खचला की शेतकऱ्याचं पाणीही निघून जातं.

वाटाड्या घ्याच. रस्ता सापडत नाही म्हणून नव्हे, तर मुख्य डांबरी रस्ता सोडून शेतातून जायच्या वाटा त्यांनाच ठाऊक असतात. काळ्या ह्मोंग समाजातल्या अनेक बायका हे काम स्वतंत्रपणे करतात आणि इंग्रजी झकास बोलतात. ठरवताना तीन गोष्टी विचारा: जेवण धरून का, खोऱ्याचं प्रवेश तिकीट धरून का, आणि परतीची गाडी कोण देणार.

याशिवाय सापातूनच पाठीवर टोपली घेतलेल्या दोन-चार बायका सोबत चालू लागतात. घसरड्या जागी हात देतात, गवताचे घोडे करून देतात आणि ता वानला पोचल्यावर टोपली उघडतात. ही फसवणूक नाही, धंदा आहे. घ्यायचं नसेल तर पहिल्या अर्ध्या किलोमीटरातच हसून स्पष्ट सांगा. चार तास हात धरून शेवटी तोंड फिरवणं वाईट. मुलांकडून मात्र काहीही विकत घेऊ नका आणि त्यांना गोळ्या-चॉकलेटं वाटू नका. पाहुण्यांकडून कमाई होत राहिली की पोरांची शाळा सुटते.

ता वान हे मुख्यतः झाय लोकांचं गाव, लाओ चाय ह्मोंगांचं, तर पुढचं ग्यांग ता चाय लाल झाओंचं. ता वानला घरगुती मुक्काम करा. माडीवर ओळीने गाद्या, मच्छरदाणी, मधे पातळ फळी किंवा पडदा. घोरणाऱ्यांचा शेजार गृहीत धरून कानात घालायचे बोळे न्या. घराच्या दाराला हिरवी डहाळी टांगलेली दिसली तर आत जाऊ नका, घरात काही विधी किंवा आजारपण आहे असा त्याचा अर्थ. दुसऱ्या दिवशी बांबूच्या बनातून ग्यांग ता चाय गाठून गाडीने परत येता येतं. लाल झाओंचं औषधी पाल्याचं गरम पाण्याचं स्नान सापाच्या उत्तरेकडच्या ता फिनला घ्यावं. लाकडी पिंपात वीस मिनिटांच्या वर बसू नका, उपाशीपोटी तर नाहीच. उठताना गरगरतं.

शाकाहारींनी "आन चाय" (शाकाहारी जेवण) हे दोन शब्द पाठ करावेत, पण तेवढ्याने भागत नाही. पालेभाजी डुकराच्या चरबीत परतलेली आणि वरून माशाचा सॉस घातलेली असू शकते. "न्वॉक माम (माशाचा सॉस) नको, चरबी नको" हे व्हिएतनामीत लिहून फोनवर ठेवा आणि मुक्कामाच्या घरी सकाळीच कळवा, रात्री चूल पेटल्यावर नव्हे. भात, लसूण घालून परतलेले सुसूचे म्हणजे चायोटीच्या वेलाचे कोवळे शेंडे, टोफू आणि शेंगदाणे एवढ्यावर उत्तम जेवण होतं. जैनांनी डबा सोबत ठेवलेला बरा.

कापडाची पारख उलट बाजूने करावी. हाताचा टाका मागून थोडा वेडावाकडा दिसतो, यंत्राचा एकसारखा. मेणाने काढलेल्या बाटिकच्या रेघा दोन्ही बाजूंना उमटतात, छापील कापडाची मागची बाजू फिकी असते. खऱ्या निळीचं कापड ओल्या हाताला रंग देतं, तो दोष नव्हे. मात्र बॅगेत वेगळ्या पिशवीत ठेवा. "चांदी" म्हणून विकलं जाणारं बरंचसं मिश्रधातूचं असतं, आवडलं तर दागिना म्हणून घ्या, चांदीच्या भावाने नको.

फान्सिपान हे सुमारे ३,१४७ मीटरचं शिखर. २०१६ पासून तिथे केबल कार जाते. तिकीट स्वस्त नाही, म्हणून आदल्या दिवशी काढून ठेवू नका. सकाळी शिखर मोकळं दिसलं तरच काढा. वर सापापेक्षा बरीच जास्त थंडी असते.

सापाहून रविवारी सकाळी निघून बाक हा करणारे तीन तास गाडीत घालवून दहाला पोचतात, तेव्हा सगळ्या सहलींच्या बस तिथेच असतात. मुक्कामाला असलात तर सातलाच बाजारात असाल. बाजार दुपारी एकनंतर ओसरतो. फुलांचे ह्मोंग ही ह्मोंगांचीच एक शाखा, तिच्यातल्या बायकांचे रंगीत घागरे इथे पर्यटकांसाठी नसतात. त्या कापड, दोरा, मिरच्या, नांगराचे फाळ घ्यायला आलेल्या असतात. म्हशींचा बाजार एका कडेला आहे, व्यवहार चालू असताना मधे उभं राहू नका आणि जनावराच्या मागून जाऊ नका. मोठ्या कढयांत रटरटतं ते थांग को, घोड्याच्या मांसाचं कालवण. मांसाच्या आणि कुत्र्यांच्या ओळी ज्यांना बघवत नाहीत त्यांनी कापडाच्या बाजूनेच आत-बाहेर करावं. बान फो गावची मक्याची दारू कडक असते, चव घ्यायला दिलेला पेलाही जपून. कान काऊ इथून उत्तरेला सुमारे २० किमी, आकाराने लहान आणि डोंगराच्या उतारावर. गाडी आदल्या संध्याकाळी ठरवून सकाळी साडेसहाला निघा.

परत सापाला जायचं कारण नाही. रविवारी खोली सोडून सामान मालकाकडे ठेवा, अकरापर्यंत बाजार उरका आणि बाक हाहून लाओ काय गाठून तिथून हनोईची बस धरा. रविवारी दुपारच्या बस हनोईला परतणाऱ्यांनी भरतात, तेव्हा जागा शुक्रवारीच राखून ठेवा आणि रात्रीचं विमान त्याच दिवसाचं घेऊ नका.