कॉर्गी परत आली, पण डाय कुणाची?

रविवार, रात्री

गिरण्या बंद पडलेल्या गावातल्या माणसाला ‘जुना ब्रँड परत येतोय’ अशा बातमीचं पटकन कौतुक वाटत नाही. आमच्याकडे सोलापूरला लक्ष्मी-विष्णू मिल नव्वदच्या दशकात बंद पडली, जुनी मिल त्याच्या कितीतरी आधी. ‘जुनी मिल’ म्हटलं की रिक्षावाला आजही बरोबर नेऊन सोडतो. तेव्हा नाव टिकणं वेगळं आणि माल टिकणं वेगळं, हे इथे कुणाला समजवावं लागत नाही.

तरी आज जेवणानंतर बराच वेळ मोबाइलवर कॉर्गी या ब्रिटिश ब्रँडच्या खेळण्यातल्या धातूच्या गाड्या बघत बसलो. साठच्या दशकातली मॉडेलं नव्याने ओतून, जुन्या धाटणीच्या डब्यात घालून विकतायत. फोटो देखणे आहेत. पण टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे कापतात तिथे, वय गेलेल्या माणसाच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो हाच, की डाय, म्हणजे गाडी ओतायचा पोलादी साचा, कुणाची?

कॉर्गीचा जन्म १९५६चा. मेटॉय नावाची कंपनी, कारखाना वेल्समधल्या स्वान्सीला. तोवर या धंद्यात डिंकीचा दबदबा होता. ती लिव्हरपूलच्या मेकॅनोची, १९३४पासूनची. डिंकीच्या गाड्यांना तेव्हा खिडक्यांच्या जागी नुसती भोकं असायची. कॉर्गीने आत पारदर्शक प्लॅस्टिक बसवलं आणि ‘खिडक्यावाल्या गाड्या’ म्हणूनच जाहिरात केली. केवढीशी गोष्ट, पण डिंकीला मागोमाग धावावं लागलं. पुढे चाकांना स्प्रिंग आल्या, उघडणारी बॉनेटं आली, आणि १९६५ साली ती जेम्स बाँडच्या सिनेमातली अ‍ॅस्टन मार्टिन आली.

त्या गाडीवर मी पानंच्या पानं लिहू शकेन. मागची धुराडी दाबली की काचेमागे गोळ्या अडवणारी ढाल वर येते. पुढून मशीनगनी बाहेर पडतात. बाजूचं बटण दाबलं की छप्पर उघडून शेजारी बसलेला गुंड उडून जातो! तो हरवणारच हे कंपनीला ठाऊक होतं, म्हणून डब्यात एक जादा गुंडही दिलेला असे. पडद्यावरची गाडी चंदेरी, खेळणं मात्र सोनेरी. चंदेरी रंग दिला तर पोरांना बिनरंगाची वाटेल, म्हणून सोनेरी केली असं सांगतात. पण मला यातलं सगळ्यात आवडलेलं तिसरंच आहे. ही गाडी कोऱ्या पाटीवरून काढलेलीच नाही. कॉर्गीकडे आधीपासून अॅस्टन मार्टिनच्याच डीबी-४ गाडीचं मॉडेल होतं, त्यावरच काम करून त्यांनी बाँडची डीबी-५ उभी केली. असं जुगाड ज्याने केलं तो माणूस आमच्या जातकुळीचा.

मेटॉय १९८३मध्ये कोसळली. मग काम चालू ठेवलं ते तिथल्याच व्यवस्थापकांनी. १९८९ला मॅटेलने घेतली, १९९५ला पुन्हा व्यवस्थापकांच्या हातात, १९९९ला झिंडार्टकडे, २००८ला हॉर्नबीकडे. सातबाऱ्यावर इतके फेरफार झाले की मूळ मालक कोण हे तलाठ्यालाही सांगता यायचं नाही.

आता डायचं. या गाड्या झामॅकच्या, म्हणजे जस्तात सुमारे चार टक्के अ‍ॅल्युमिनियम, वर थोडं मॅग्नेशियम आणि तांबं. चारशे अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे पोलादी डाय लाखो शॉट, म्हणजे लाखो ओती, काढते तरी दमत नाही. धातू मात्र चोख हवा. त्यात शिसं शिरलं की काही वर्षांनी ओतकाम आतून तडकतं, फुगतं, शेवटी भुगा होतो. युद्धाआधीच्या कितीतरी डिंकी अशाच गेल्या. आणि थंड होताना हा धातू आकसतो, साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त. म्हणून डाय तेवढी मोठी कापायची. पण मूळ डाय हातात नसली आणि जुन्या गाडीचं माप घेऊन नवी डाय केली, आकसण्याचा हिशेब धरला नाही, तर दहा सेंटिमीटरची गाडी अर्ध्या मिलिमीटरने लहान निघते. डोळ्यांना कळणार नाही. व्हर्नियर मापपट्टीला कळतं.

माझ्याकडे याच्या अगदी उलट एक वस्तू आहे. काकांनी दिलेली जॅग्वार, रंग जवळजवळ संपलेला. ती ना कॉर्गी ना डिंकी. तळावर लिहिलंय ‘निकी टॉईज’. साठच्या दशकाच्या अखेरीस मेकॅनोने आपल्या काही जुन्या डाय कलकत्त्याच्या एका कंपनीला विकल्या. बाहेरची खेळणी इकडे येणं तेव्हा अवघड, त्यामुळे इथे ओतलेल्या गाडीला गिऱ्हाईक होतं. तळावरचं इंग्रजी कंपनीचं नाव खोडून त्या जागी ‘निकी’ घातलं. भिंगाखाली धरलं तर खोडलेली जागा जरा खडबडीत दिसते. ओतकाम ओबडधोबड, कडेला बर, म्हणजे धातूची जादा धार, तशीच राहिलेली, चाकं जरा वाकडी. पण पोलाद लिव्हरपूलचं! बोनेटची जी रेघ तिथल्या कारागिराने कापली, तीच रेघ माझ्या अंगठ्याखाली आहे.

म्हणजे कॉर्गीचं नाव टिकलं, निकीकडे डाय आली. मला विचाराल तर मी डायच्या बाजूचा. लोक दुसऱ्या बाजूचे असतील, असू देत.

एका गोष्टीची मात्र खंत वाटते. या नव्या गाड्या मोठ्यांसाठी आहेत, संग्रहासाठी. आपल्याकडे मागवायच्या तर किंमत आणखी चढते, कारण खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२०मध्ये वीसवरून साठ टक्के झालं आणि २०२३मध्ये सत्तर. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर पोरं प्लॅस्टिकचे ट्रक दोरीने ओढत धुळीतून नेतात. त्या धुळीत ही कॉर्गी कधी उतरायची नाही.

मघाशी नवी पेठेतल्या मित्राला फोन केला. त्याने ती अ‍ॅस्टन मार्टिन मागवायचं पक्कं केलंय. म्हटलं, आली की आधी माझ्याकडे आण, माप घ्यायचंय.

“डब्यातून काढायची नाही बे,” तो म्हणाला, “उघडली की भाव पडतो.”

“मग गुंड कसा उडवणार?”

“उडवायचाच नाही.”

मी फोन ठेवला.