मान वाकडी करायची नाही

साल २०१३. मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या थ्रीडी सिनेमाचा ट्रेलर आल्यापासून आमच्या घरात दोनच विषय आहेत. सिनेमा मुंबईत कुठे लागणार, आणि तो बघून वहिनीचं डोकं दुखणार का.

ज्यांना पत्ताच नाही त्यांच्यासाठी: सिनेमाचं नाव 'थ्रू द नेव्हर'. ऑगस्ट २०१२ मध्ये कॅनडात, व्हँकुव्हर आणि एडमंटनला, थ्रीडी कॅमेरे लावून त्यांनी आपले कार्यक्रम चित्रित केले. दिग्दर्शक निम्रोड अंताल. मध्ये एक गोष्टही गुंफली आहे. नट डेन डिहान यात बँडचा हरकाम्या आहे, त्याला कार्यक्रम चालू असताना काहीतरी आणायला बाहेर पिटाळतात आणि शहरात राडा सुरू असतो. अमेरिकेत २७ सप्टेंबर २०१३ ला आयमॅक्सच्या प्रचंड पडद्यांवर, ४ ऑक्टोबरपासून बाकी थिएटरांत. २७ सप्टेंबर हा बँडचा बास गिटारवादक क्लिफ बर्टन गेला तो दिवस. १९८६ साली स्वीडनमध्ये त्यांची बस उलटली होती. तारीख मुद्दाम निवडली की योगायोग, यावर दादाने रविवारी मला जेवू दिलं नाही.

मेटालिका माझ्याकडे दादाकडूनच आली. गिरगावात आमची एक खोली, त्यात टेपरेकॉर्डर शिलाई मशीनवर. १९९१ चा तो काळा अल्बम लागला की खालच्या काकू काठीने छत ठोकायच्या, आणि दादा म्हणायचा, बघ, त्यांनाही ताल कळला. कॅसेटची कव्हरं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवायचा. 'राइड द लायटनिंग'ची विजेची खुर्ची, 'मास्टर ऑफ पपेट्स'चे पांढरे क्रूस, 'जस्टिस'मधली डोळ्यांवर पट्टी बांधलेली न्यायदेवता. आता या सिनेमाच्या स्टेजवर हे सगळं उभं केलंय. खुर्चीवर टेस्ला कॉइलमधून खरी वीज कडाडते, न्यायदेवता गाणं चालू असताना उभी राहते आणि कोसळते. हातभर लांबीचीही नाहीत अशी ती चित्रं एवढ्या मोठ्या पडद्यावर, थ्रीडीतल्या खोलीसकट. मी का उड्या मारतेय ते कळलं असेल.

पण दादाला ती खोली दिसणार नाही.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, दादरला दुकानाच्या मागच्या खोलीत लोकांचे नंबर काढते. शिकत होते तेव्हा सरावासाठी घरातल्यांनाच बसवायचे. एक चाचणी असते, त्यात मोठ्या माशीचं चित्र. पोलरॉइड चष्मा लावायचा आणि माशीचे पंख चिमटीत पकडायचे. दोन्ही डोळे एकत्र काम करत असतील तर पंख कागदाच्या वर तरंगताना दिसतात, लोकांची चिमूट हवेतच मिटते. लहान मुलं तर किंचाळतात. दादाने सरळ कागदावर बोट टेकवलं आणि विचारलं, "हे काय पकडायचं?" त्याचा डावा डोळा आळशी होता, म्हणजे मेंदू त्या डोळ्याचं चित्र नीट वापरतच नव्हता, आणि शाळेत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. लहानपणी सापडला असता तर चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून बरंच काही करता आलं असतं.

आता थ्रीडीची सगळी करामत याच गोष्टीवर उभी आहे. आपले दोन डोळे साधारण सहा-साडेसहा सेंटीमीटर अंतरावर, दोघांना किंचित वेगळं दिसतं, मेंदू ते जुळवतो. कॅमेरेही तसेच जोडीने लावतात. मात्र प्रत्येक नव्या शॉटला डोळ्यांना पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. मेटलच्या व्हिडिओत दर सेकंदाला कट मारायची जी खोड आहे ती थ्रीडीत केली तर डोळे दमतात, वहिनीसारख्यांचं डोकं ठणकतं. त्यात लांबून झूम करून घेतलं की माणसं पुठ्ठ्याच्या कटआउटसारखी सपाट दिसतात. म्हणून माझी अंतालसाहेबांना विनंती एवढीच, की गिटारचा दांडा माझ्या नाकात खुपसू नका. कॅमेरा स्टेजवर जवळ न्या आणि सावकाश फिरवा. ड्रमवरच्या लार्सच्या पाठीमागून गायक जेम्स, त्याच्या पलीकडे गर्दी, असं दिसू द्या. चारही बाजूंनी लोक आणि मध्ये स्टेज, यासाठीच तर थ्रीडी हवं.

आणि गंमत म्हणजे दादाच्याही फायद्याचं तेच आहे. एका डोळ्याच्या माणसाला अंतर कळत नाही असं मुळीच नाही. दादा स्कूटर चालवतो, तीही दादर टीटीवरून. कॅमेरा सरकला की जवळच्या वस्तू भराभर मागे जातात, लांबच्या हळू, तेवढं त्याला पुरतं.

२०११ मध्ये बंगळूरला पॅलेस ग्राउंड्सवर मेटालिकाच्या कार्यक्रमाला आम्ही दोघं गेलो होतो. दोन दिवस आधी गुडगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झालेला, चिडलेल्या लोकांनी स्टेज मोडलेलं, त्यामुळे रेल्वेत बसल्यावरही धाकधूक. कार्यक्रम झाला. पण इतक्या मागे उभे होतो की जेम्स हेटफिल्ड बघितला तो बाजूच्या पडद्यावरच. पुढच्याचा खांदा मात्र मला अजून आठवतो.

तयारी म्हणाल तर चष्म्यांची. आयमॅक्सच्या चष्म्याची प्रत्येक काच ठरावीक सरळ दिशेत कंप पावणाराच प्रकाश आत सोडते, मान खांद्याकडे झुकवली की एका डोळ्याचं चित्र दुसऱ्यात झिरपतं आणि कडा दुहेरी होतात. रिअलडी या दुसऱ्या थ्रीडी पद्धतीच्या थिएटरांत तितका त्रास नाही. तेव्हा आमच्या कंपूला ताकीद दिली आहे, वरखाली हेडबँगिंग, म्हणजे तालावर डोकं आपटणं, चालेल, केस गोल फिरवणाऱ्यांचं काही खरं नाही. वहिनीसाठी दोन जुन्या चष्म्यांच्या दोन्ही डाव्या काचा एकाच फ्रेममध्ये बसवणार आहे. दोन्ही डोळ्यांना एकच चित्र, डोकं शांत. तिने लगेच विचारलं, मग मी थ्रीडीचे पैसे का भरू? प्रश्न रास्त आहे.

आईला चष्म्यांचीच धास्ती. 'छोटा चेतन' या जुन्या थ्रीडी सिनेमाच्या वेळी त्या चष्म्यांनी डोळे येतात अशी अफवा होती, ती तिने अजून धरून ठेवली आहे. पर्समध्ये स्पिरिटचे बोळे नेईन असं कबूल केलंय.

दादाची काळजी वेगळीच. दीड तासाच्या सिनेमातही आपल्याकडे इंटर्व्हल ठोकतात. 'मास्टर ऑफ पपेट्स'च्या मधल्या संथ तुकड्यात दिवे लागले आणि समोसे घेऊन पोरगा आला, तर तो प्रोजेक्शन रूमचा जिना चढणार आहे म्हणे. मी त्याला कडेची सीट मिळू देणार नाही.